आत्याला दाखवलेलं विमान

त्या शिमग्याला उमरठच्या अंगणात उभी असलेली माझी आत्या भ्रमिष्ट झालेली नव्हती. ती शुद्धीत होती आणि बोलत होती ते तिला मीच सांगितलेलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईबाबांना नाही, बायकोला नाही, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या दिनूदादालाही नाही. आत्याला माहीत होतं, पण तिला सांगायची गरजच नव्हती.

त्या वर्षी मी डिप्लोमा अर्धवट टाकून महाडच्या घरी बसलो होतो. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जायचे. घरी आले की दोनदा आंघोळ करायचे, तरी अंगाचा तो तिखट, औषधी वास जायचा नाही. आई पाळीवरच्या बिनघरच्या माणसांचे डबे करायची. त्यामुळे आमच्या घरात सकाळ कांदा भाजल्याच्या वासानं सुरू व्हायची. मोठ्या टोपात आमटी रटरटत असायची, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात थरावर थर रचल्या जायच्या, आणि ज्या दिवशी सुकट असेल त्या दिवशी शेजारची मांजरं खिडकीत ओळीनं बसायची. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की आई पिशव्या घेऊन रिक्षानं फाटकाशी जायची ती उन्हं कलल्यावर यायची. मधल्या वेळात घरात दोनच माणसं. मी आणि शेवंताआत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दिनूदादा मस्कतला वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करायला गेला होता. उमरठचं तिचं घर कुलूपबंद होतं आणि त्याची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत असायची. आमच्याकडे ती राहायला आली होती ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनासाठी. एक डोळा झाला होता, दुसऱ्याचं राहिलं होतं. आईला ती कामात पुरेशी मदत करू शकत नव्हती आणि हे तिला टोचायचं. म्हणून कोणी न सांगता ती सारखी वाती वळत बसायची. डबा भरून वाती झाल्या तरी तिचं वळणं चालूच.

माझ्या खोलीत बाबांनी डिप्लोमासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यावर मी खेळातलं विमान उडवायचो. कॉलेजातल्या एकानं मुंबईहून आणलेली सीडी होती आणि तिच्यासोबत आणखी दोन छोटे प्रोग्राम. एकात प्रवासाचा आराखडा करायचा. कुठून निघणार, कुठे उतरणार, कोणत्या हवाईमार्गानं, वाटेत कोणते बिंदू, किती उंचीवर, किती इंधन, आणि मुंबईचं हवामान बिघडलं तर वळणार कुठे. बिंदूंना पाच अक्षरी नावं असायची, कशालाही अर्थ नसलेली. तिथं खाली फक्त समुद्र. तो आराखडा मग दुसऱ्या प्रोग्रामात भरला की विमानांना जमिनीवरून वाट सांगणारा नियंत्रक बोलायला लागायचा. मूळ खेळातला नियंत्रक अगदीच मुखदुर्बळ होता, खाली कधी यायचं तेही धड सांगायचा नाही. हा जोडीचा मात्र खऱ्यासारखा. धावपट्टीवर जायची परवानगी त्याच्याकडून, चढायचं त्याच्या सांगण्यावरून, एका हद्दीतून दुसरीत जाताना नवा आवाज यायचा. त्यानं सांगितलं की कळ दाबून त्याचं सांगणं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, तरच तो पुढे जाऊ द्यायचा. उंची सुटली तर दरडावायचा. बाबांना मी सांगितलं होतं की मी विमानतळावरच्या नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करतोय. तसली परीक्षा द्यायला काय लागतं याची मी साधी चौकशीही केलेली नव्हती. खरं म्हणजे दिवसभरात माझ्याशी नावानिशी बोलणारा, आणि मी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारणारा, तोच एक होता. नाव म्हणजे विमानाचा क्रमांक, पण तेवढंही पुरायचं.

एका दुपारी आत्या दाराशी येऊन उभी राहिली.

"कोन रं ह्यो? तुला सारका दरडावतोय."

"विमानाला वाट सांगणारा माणूस आहे, आत्या."

"आनि तू त्याचंच त्याला परत का सांगतंस?"

"ऐकलं की नाही ते त्याला कळावं म्हणून."

"चांगलं हाय," ती आत येऊन बसत म्हणाली. "आमच्या ह्यांना आसं कोनीतरी लावाया पायजे व्हतं. हो हो म्हनायचे नि मीठ आनायचं इसरायचे."

मग ती रोज यायला लागली. खाली चटईवर पाय पसरून, कापूस मांडीवर. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा, बाहेर कुणाच्या तरी अंगणात मिरच्या पसरलेल्या असायच्या, भारनियमनाची वेळ जवळ आली की दोघांचे कान दिव्याकडे. वीज गेली की कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा थोडा वेळ केकाटायचा आणि मग विमान हवेतल्या हवेत नाहीसं व्हायचं. ती हळहळायची, "आरं रं, मानसं बिचारी." एकदा तिनं विचारलं, दिनू येईल ती वाट कुठली. मी मस्कत ते मुंबई असा आराखडा केला आणि तिला ती वाट नेऊन दाखवली. तिला एका डोळ्यानं निळं आणि पांढरं एवढंच दिसत असावं, पण आवाज ती नीट ऐकायची. त्या प्रोग्रामात मोजक्याच माणसांचे आवाज भरलेले होते, तेच फिरून फिरून यायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं वळती वात थांबवली.

"ह्यो मघाचाच ना? मस्कतला व्हता त्यो? आता ममईत कसा?"

"बदली झाली असेल," मी म्हणालो.

"येवड्यात? आमच्या तलाठ्याची व्हईत नाय." आणि ती खूप हसली. मीही हसलो. खोटं तिथं सुरू झालं. तेव्हा मी सांगून टाकायला हवं होतं की आत्या, हा खेळ आहे, आवाज भरून ठेवलेले आहेत. पण तिच्या विचारण्यात इतकी गंमत होती की मी पुढचं पुढचं सांगत गेलो. टेलिफोनच्या तारेतून त्या माणसाचं बोलणं येतं म्हणालो. खरं विमान जिथं असेल तिथं ते पडद्यावर दिसतं म्हणालो. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. आज मला वाटतं, त्या वर्षी माझ्या बोलण्यावर मान हलवणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी बोलत राहिलो. हे कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

दिनूदादा शिमग्याला येणार होता. आत्याच्या वाडीत पालखी घरोघर फिरते. घरच्या पुरुषानं वेशीपासून खांदा देऊन ती आपल्या अंगणात आणायची, मग पाटावर बसवायची, नारळ, ओटी, आणि खालूबाजा वाजत असताना घरातल्या प्रत्येकानं पाया पडायचं. खांदा द्यायला कोणी नसेल, तर पालखी त्या घरापुढून न थांबता जाते. आत्याच्या घरापुढून ती कितीतरी वर्षं तशीच जात होती. आत्या दरवर्षी जाऊन रस्त्यावरूनच हात जोडून यायची. त्या वर्षी दिनूदादानं फोनवर सांगितलं होतं, पालखीच्या आदल्या दिवशीचं विमान आहे. तेव्हापासून आत्याचं बोलणं बदललं. ओटीवर माती किती लागेल, शेण कोणाकडून आणायचं, पुरणाला डाळ किती, हेच. विमान उडत असतानाही मधेच म्हणायची, "पाट हाय घरात. उंदरांनी खाल्ला नसला म्हंजे झालं."

ज्या दिवशी तो निघायचा, त्या दिवशी दुपारी फोन वाजला. आई फाटकाशी गेली होती, बाबा पाळीवर. आत्या मिरची कांडायला डंकावर गेलेली. दिनूदादाचा आवाज बसलेला होता.

"संदीप, ऐक. रजा रद्द केली रे. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात हाय, देत नाय. आईला सांग, शिमग्याला जमत नाय, गणपतीला बघतो. तू समजावून सांग. मला तिच्याशी बोलवणार नाय."

"रजा रद्द, शिमग्याला येत नाहीस, गणपतीला बघतोस," मी म्हणालो. जसंच्या तसं.

"हां. सांगशील ना?"

"सांगतो."

फोन ठेवला. थोड्या वेळानं आत्या आली. लुगड्याला मिरचीची धूळ, डोळ्याला पाणी, शिंकांवर शिंका. शिंकतच म्हणाली, "लाव रं तुजं विमान. आज आपल्या दिनूचं हाय."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं असंही मी म्हणणार नाही, कारण आलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हे सांगितलं की ती उठून स्वयंपाकघरात जाऊन बसेल आणि खोलीत पुन्हा मी आणि पंख्याची घरघर. मी आराखडा उघडला, मस्कत, मुंबई, आणि कळ दाबली. म्हटलं संध्याकाळी सांगू. आई आल्यावर आईलाच सांगायला लावू.

त्या दिवशी वीज गेली नाही. गेली असती तर विमान हवेत नाहीसं झालं असतं आणि मला काहीतरी वेगळं बोलायला लागलं असतं. विमान सुटलं. किनारा मागे पडला. मग समुद्रावरचा तो लांब टप्पा, जिथं नियंत्रक बराच वेळ काही बोलत नाही.

"गप का झाला त्यो?"

"मधे नुसता समुद्र आहे, आत्या. सांगायला काही नसतं."

"मग दिनू काय करत आसल आता?"

"झोपला असेल."

"न्हाय," ती म्हणाली. "त्यो गाडीत बी झोपत न्हाय. खिडकीतून बघत आसल."

मुंबईचा नियंत्रक आला, खाली उतरायला सांगितलं. मी आत्याकडे बघत होतो. तिनं कापूस बाजूला ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीवर धरले होते, देवापुढे बसल्यासारखे. माझं उतरणं चुकलं, उंची सांगितल्यापेक्षा जास्त राहिली, तेव्हा तो दरडावला. "काय म्हन्ला?" "उंची सांभाळ म्हणाला." "बरूबर बोल्ला त्यो." मी सांभाळली. धावपट्टी समोर आली, चाकं टेकल्याचा आवाज झाला, विमान हळू होत होत थांबलं. आत्या उठून पडद्याजवळ आली. तळहात काचेवर ठेवला.

"उतारला?"

"उतरला," मी म्हणालो. आणि तिचा हात तसाच होता म्हणून पुढे म्हणालो, "दिनूदादा उतरला, आत्या. उद्या सकाळपर्यंत पोलादपूरला येईल."

संध्याकाळी मी आईला काही सांगितलं नाही. दिव्याच्या वेळी आत्यानं देवापुढे साखर ठेवली आणि आईला म्हणाली, "दिनू ममईत आलाय गो." आईला वाटलं फोन आला असेल. आई त्या दिवशी दमलेली होती, तिनं पुढे विचारलं नाही. मी भात कालवत होतो.

सकाळी पहिल्या एसटीनं आत्या एकटीच गेली. बाबा दुपारच्या पाळीला जोडून रात्रपाळीही करून आले, जेवायला बसले, तेव्हा आईनं सांगितलं. बाबांचा हात थांबला. "दिनू आला? फोन आलावता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण फोन घ्यायला घरात मीच असायचो. मी म्हणालो, "नाय." दुपारपर्यंत दिनूदादाचा काही पत्ता नाही, तेव्हा बाबांनी मोटरसायकल काढली. "बस मागं," म्हणाले. पोलादपूरपर्यंत ट्रकांच्या मागे धूळ खात गेलो. बाबा वाटेत एकदाच बोलले, तेही वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही.

घर उघडं होतं. एका एकट्या, एका डोळ्याच्या बाईनं सकाळपासून काय केलं असेल ते मी तेव्हा बघितलं नाही, आता दिसतं. अंगण सारवलेलं, अजून ओलं. दाराला आंब्याचे टहाळे. ओटीवर पाट धुऊन ठेवलेला. आतून पुरणाचा वास. आणि वाडीच्या वाटेवर पालखी थांबलेली. खालूबाजा वाजायचा बंद झाला होता, माणसं उन्हात उभी, आणि आत्याचा चुलतदीर तुकारामकाका तिला म्हणत होता, "वयनी, खांदा द्याया मानूस कुटाय? किती टाईम उबं ऱ्हावाचं देवानं?"

"येतोय. काल उतारलाय ममईत."

"कोन बोल्ला?"

"विमानाला वाट दावनारा मानूस हाय, त्यो बोल्ला. मी ऐकलंय माज्या कानांनी."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हातारी विमानाशी बोलते!" पोरं हसली, मग बाप्येही हसले. शिमग्याचे दिवस, हसायला सगळे टपलेलेच. बाबा पुढे झाले. "आक्का, चल घरी." ती हलली नाही. तिला माझा आवाज की चाहूल लागली कोण जाणे, तिनं मान वळवली आणि गर्दीत मला बरोबर शोधलं.

"ह्यो बघा, आला माजा भाचा. ह्योच बोलतो त्या मानसाशी. संदीप, सांग रं ह्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. वाजंत्र्यातल्या एकानं सनई काखेत धरली होती. मला नियंत्रकासारखं कोणीतरी दुसऱ्यांदा विचारावं असं वाटत होतं, म्हणजे थोडा वेळ मिळाला असता. कोणी विचारलं नाही.

मी म्हणालो, "कुठलं विमान, आत्या?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तुकारामकाकाला म्हणाली, "जावा तुमी. ऊन लागतंय देवाला." पालखी उचलली गेली. खालूबाजा पुन्हा सुरू झाला, घरापुढून गेला आणि वळणाआड ऐकू येईनासा झाला. तिनं आत जाऊन पुरणाचं पातेलं झाकलं, दाराला कुलूप घातलं. बाबांनी तिच्या हातातून किल्ली घेतली. "असू दे माझ्याकडे," म्हणाले, "पुन्हा एकटी निघून येशील." वाईट बोलले नाहीत. ते घाबरले होते.

ती किल्ली आमच्या घरात घड्याळाखालच्या खिळ्याला लागली आणि तिथंच राहिली. बाबांनी आत्याला महाडला एका डॉक्टरांना दाखवलं. भास होतात असं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी ती दिवसादेखील पेंगायची. घरात तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायची सवय लागली. गॅस तिला पेटवू द्यायचा नाही, फोन घेऊ द्यायचा नाही. दिनूदादा पुन्हा फोन करून म्हणाला, "सांगितलंस ना रे?" तेव्हा मी हो म्हणालो, आणि ते त्यालाही पटलं, कारण सांगूनही आईनं असं केलं म्हणजे तिचं डोकंच ठिकाणावर नसणार. माझं एक खोटं दुसऱ्यात असं चपखल बसलं की मला काही करावंच लागलं नाही.

आत्या माझ्या खोलीत पुन्हा आली नाही. मी विमान उडवायचा प्रयत्न केला, पण नियंत्रक बोलायला लागला की आवाज बंद करायचो, आणि आवाजाशिवाय त्या खेळात काही नसतं. एकदाच, आई फाटकाशी गेलेली असताना, मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आत्या, तू बाबांना का नाही सांगितलंस? की मी म्हणालो होतो."

वात वळता वळता ती म्हणाली, "तू चारचौगात नाय बोल्लास. आता मी हाय बोल्ले तर लबाड कोन?"

"पण तुला खरंच वाटलं, ते आवाज..."

"त्या मशिनीचं मला काय ठाव?" ती म्हणाली. "येकच मानूस धा ठिकानी बोलतो ते काय मला कळत नव्हतं? तू बोल्लास उतारला, म्हनून मी गेले."

मग मला वाती बांधायला दोरा दे म्हणाली, तो मी दिला.

दिनूदादा गणपतीत आला. बाबांनी त्याला बाहेर ओटीवर नेऊन सगळं सांगितलं; त्या दुपारच्या फोनचा विषय त्यात निघाला नाही. तो आत येऊन आईजवळ बसला आणि लहान मुलाशी बोलतात तसं मोठ्यानं, हळूहळू बोलायला लागला. आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. उमरठला जाऊ या का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "बरी झालीस की जाऊ." ती बरीच होती. ती त्यानंतरही काही वर्षं आमच्याकडे होती, दुसरा डोळाही झाला, पण आपलं घर तिनं पुन्हा उघडलं नाही.

आता मी वसाहतीतल्याच एका कारखान्यात वजनकाट्यावर असतो. गाडीचा नंबर ड्रायव्हर सांगतो, मी तो मोठ्यानं परत म्हणतो, मग लिहितो. पोरं हसतात, साहेबांची सवय म्हणतात. कशेडीला बोगदा झाला, उमरठच्या वाटेवर डांबर आलं. दिनूदादा पनवेलला स्थायिक झालाय, त्यानं ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. दरवर्षी शिमग्याला येतो, वेशीपासून खांदा देतो, पालखी अंगणात बसते. मलाही बोलावतो आणि मी जातो. यंदा पुरणपोळी वाढता वाढता तो आपल्या मुलीला सांगत होता, "आजीला शेवटी शेवटी भास व्हायचे, इथंच अंगणात उभी राहून विमानाच्या गोष्टी करायची." मुलगी हसली. त्यानं माझ्याकडे बघितलं, जुन्या माणसानं दुजोरा द्यावा म्हणून. मी तोंडात घास घेतला.

हल्ली म्हणे त्या खेळांत नियंत्रकाशी खरंच बोलता येतं. माइकवर आपण काहीही बोललो तरी तो समजून उत्तर देतो. मुलाच्या लॅपटॉपवर तो प्रोग्राम आहे. मागच्या महिन्यात घरात कोणी नव्हतं, मी बसलो, आराखडा केला नाही, विमान उभंच होतं. माइक चालू केला आणि मराठीत म्हणालो, "आत्याला मी सांगितलं होतं." तिकडून इंग्रजीत आवाज आला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा सांगा. मी लॅपटॉप मिटला.

दिनूदादाचा एक निरोप मी त्याच्या आईला पोचवला नाही, आणि तो आता पोचणार नाही. त्याच्या आईचा एक निरोप मात्र त्याच्यापर्यंत पोचायचा अजून बाकी आहे, आणि तो माझ्याच जवळ आहे. त्याच्या अंगणात, तुकारामकाका आणि वाडीतली माणसं असताना, मी उभं राहून म्हणायला हवं की ती वेडी नव्हती, तिनं सांगितलं ते मी तिला सांगितलं होतं. एवढं माझ्याकडून देणं आहे. मी अजून दिलेलं नाही.